घरची बाई अडकली, तर सातबारा कोण काढणार?



हरभऱ्याच्या घाटेअळीविषयी लिहायचे सोडून हा शेतीखात्याचा माणूस आज तुरुंगाच्या गोष्टी काय सांगतो, असे तुम्हांला वाटेल. पण या गोष्टीत सातबारा आहे, आणि सातबारा आला की विषय आपलाच झाला.

‘बायकांचे गुन्हे फार वाढले हो,’ असे हल्ली पारावर सर्रास ऐकू येते. वर्तमानपत्रात एखाद्या सासूची नाही तर सुनेची बातमी आली की आठवडाभर तीच चर्चा. आता आकडे पाहा. २०१५ अखेर देशभरच्या तुरुंगांत १७,८३४ स्त्रिया होत्या. २०२२ अखेर त्या २३,७७२ झाल्या. वाढ झाली हे खरेच. पण पुरुष कैदीही तसेच वाढले. शंभर कैद्यांत बाया तेव्हाही चारच होत्या, आताही चारच आहेत. आणि त्यांच्यापैकी चारांतल्या तिघींच्या खटल्याचा निकालच लागलेला नव्हता. पारावर मात्र निकाल आधीच लागलेला असतो!

शिक्षा झालेल्या स्त्रियांत खून आणि हुंडाबळी ही मोठी कारणे. हुंडाबळीत एका बाईचा जीव गेलेला असतो, तेव्हा तिथे दयामाया नको, हे माझे स्पष्ट मत. पण खेड्यात दुसरेही प्रकार आपण पाहतोच. हातभट्टी लावणारा दादला धाड पडताच उसात शिरतो आणि चुलीपाशी बसलेली बाई सापडते. राखीव जागेवरच्या सरपंचबाई किंवा बचत गटाच्या अध्यक्षबाई घरच्या पुरुषाने पुढे केलेल्या कागदावर सही करतात. पुढे अपहाराची फिर्याद झाली की नाव सहीवालीचेच लागते. बायांनो, कागद वाचल्याशिवाय सही करू नका. धनी रागावला तर रागावू दे.

आता मुख्य गोष्ट. पुरुष आत गेला तर बायको, आई, भाऊ सगळे तालुक्याला खेटे घालतात. बाई आत गेली की सासरचे ‘आमची अब्रू गेली’ म्हणून दार लावून घेतात. न्यायालय जामीन मंजूर करते, पण जामीनदार लागतो. त्याला सातबारा, आठ-अ, क्वचित तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला दाखवावा लागतो. बाईने जन्मभर खुरपणी केली, पण उताऱ्यावर तिचे नाव नाही. ज्यांचे आहे ते येत नाहीत. मग जामीन मिळूनही ती आतच. सहा वर्षांखालचे मूल तिच्याबरोबर राहू शकते. २०२२ अखेर अशी सतराशेहून अधिक लेकरे आयांबरोबर तुरुंगात होती.

माहेरचा भाऊ धावून आला, तर त्याची जमीन दुसऱ्या जिल्ह्यातली निघते. ‘इथलाच जामीनदार आणा,’ असे कोणी म्हटले तर घाबरून परत फिरू नका. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचे असेच झाले होते. दहा हजारांचा जामीन मागितला आणि भावाची मालमत्ता परजिल्ह्यातली म्हणून तो जामीनदार नाकारला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरवले. शिवाय ३१ जानेवारी २०२३ ला त्याच न्यायालयाने सांगितले आहे की, जामीन मंजूर होऊन महिन्याच्या आत जामीनपत्र देता आले नाही, तर अट सैल करता येईल का, हे न्यायालय स्वतःहून पाहू शकते. वैयक्तिक जातमुचलक्यावर सोडण्याचा अर्जही करता येतो.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी गप्प बसू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्या आवारातच असते. दूरध्वनी १५१००.

पोलीस दारात आले तर एवढे लक्षात ठेवा. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत स्त्रीला सहसा अटक करता येत नाही. तसाच प्रसंग असेल तर महिला पोलीस अधिकारी हवी आणि दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी हवी. चौकशीसाठी साक्षीदार म्हणून बाईला ठाण्यावर बोलावता येत नाही. विचारायचे ते तिच्या घरी येऊन विचारावे लागते. अटक झालीच तर चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे.

राहिला सातबारा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, तेव्हा अनेक गावांत शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. हयात नवऱ्याला आपल्या उताऱ्यावर बायकोचे नाव सहधारक म्हणून लावण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज करता येतो. रब्बीची पेरणी उरकली की एक दिवस त्यासाठी काढा, आणि जाताना तिलाही बरोबर न्या.