टाकीची पूजा आणि मूर्तिकाराचे नाव

खंडेनवमीस कारागिराच्या घरी हत्यारे धुऊन-पुसून पाटावर मांडली जातात, त्यांना हळदकुंकू व झेंडूची फुले वाहिली जातात, आणि त्या दिवशी हातोडा व टाकी यांना विसावा मिळतो. दुसरे दिवशी दसरा. आपल्या जिल्ह्यातील शिर्डीस या दसऱ्याचे महत्त्व दुहेरी आहे. १५ ऑक्टोबर १९१८ च्या विजयादशमीस श्रीसाईबाबांनी देह ठेवला, आणि छत्तीस वर्षांनी, ७ ऑक्टोबर १९५४ रोजी, विजयादशमीसच समाधिमंदिरात त्यांच्या संगमरवरी मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. त्या मूर्तीची छबी आज असंख्य देव्हाऱ्यांत आहे. परंतु ती घडविणारे हात बाळाजी वसंत तालीम यांचे होते, हे त्या घरांपैकी कितींना ठाऊक असेल? सणाच्या या पानावर आज आम्ही त्या हातांविषयी लिहीत आहोत.

तालीम (१८८८–१९७०) हे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेले शिल्पकार. हुबेहूब मनुष्याकृती घडविण्याची जी विद्या गणपतराव म्हात्रे यांच्यापासून मुंबईत रुजली, तिचेच ते एक थोर उपासक. टकळीवर सूत काढण्याच्या साध्या विषयावरील त्यांचे ‘टकळी’ हे शिल्प कलारसिकांस परिचित आहे. अशा शिल्पकाराकडे जेव्हा पूजेच्या मूर्तीचे काम आले, तेव्हा त्यांच्यापुढील पेच निराळाच होता.

विष्णूची वा गणपतीची मूर्ती घडविणाऱ्यास शास्त्राचा आधार असतो. आयुधे कोणती, मुख किती अंगुळांचे, हे ठरलेले असते, आणि मूर्ती देवासारखी झाली की नाही हे पडताळण्यास देवास पाहिलेला मनुष्य समोर उभा नसतो. येथे तसे नव्हते. ज्यांच्या हाती बाबांनी अखेरच्या घटकेस नऊ नाणी ठेवली, त्या लक्ष्मीबाई शिंदे १९५४ साली हयात होत्या. ज्यांच्या हस्ते प्रतिष्ठापना झाली, ते स्वामी साईशरणानंद स्वतः बाबांच्या सहवासात राहिलेले. अशा डोळ्यांपुढे तो चेहरा पाषाणात उभा करावयाचा, आणि हाती काय, तर एक काळेपांढरे छायाचित्र! छायाचित्र एकच बाजू दाखविते. मस्तकास गुंडाळलेल्या फडक्याची मागील गाठ, खांद्यांचा उतार, हनुवटीची खोली हे सारे शिल्पकारानेच पुरवावयाचे असते. मातीच्या नमुन्यात चूक झाली, तर अंगठ्याने पुसता येते. संगमरवराचा टवका उडाला, की उडालाच.

बाबांनी तालीमांस दर्शन देऊन आपले रूप दाखविले, अशी कथा भाविक सांगतात. ती आम्हीही आदराने ऐकतो. परंतु ती सांगताना पुष्कळदा श्रमाची गोष्ट गळून पडते, जणू मूर्ती एका रात्रीत उमटली. हे आम्हांस रुचत नाही. दर्शन एका क्षणाचे असेल. साडेपाच फुटांच्या जवळपास उंचीचा पाषाण घडविणे हे दिवसांमागून दिवसांचे काम आहे. आणि आधार म्हणाल, तर शब्दांचाही होता. हेमाडपंतांच्या श्रीसाईसच्चरिताच्या बाविसाव्या अध्यायात बाबांच्या बैठकीचे वर्णन आहे: उजवा पाय डाव्या गुडघ्यावर, आणि त्या पायावर डाव्या हाताची बोटे. मूर्तीची बैठकही तीच. ज्या संतास ध्यानश्लोक नव्हता, त्याचे ध्यान मराठी ओवीने लिहून ठेवले होते.

मूर्तीचा पाषाण इटलीचा. त्याच देशात तीनशे वर्षांपूर्वी बर्निनी नावाच्या शिल्पकाराने रोमच्या एका चर्चसाठी संत तेरेझाची समाधिमग्न मूर्ती संगमरवरात कोरली. तेरेझा वारली १५८२ मध्ये, बर्निनी जन्मला १५९८ मध्ये; त्यानेही आपल्या संतास पाहिले नव्हते. तिने स्वतः लिहून ठेवलेला साक्षात्काराचा अनुभव त्याने आधारास घेतला. मात्र तिकडे प्रवासी बर्निनीचे काम पाहावयास जातात, आणि तेरेझा कित्येकांच्या गावीही नसते. आपल्याकडे मूर्ती प्रतिष्ठित झाली, की मूर्तिकार बाजूस होतो. यांत आमची रीत आम्हांस अधिक जवळची वाटते, हे कबूल करतो. मूर्तीवर नाव कोरावे असे आम्ही म्हणत नाही. पण बूटींच्या ज्या वाड्यात बाबांची समाधी झाली, त्या वाड्याच्या धन्याचे नाव आम्ही आवर्जून सांगतो. द्रव्य देणाऱ्याचे नाव राहावे आणि घाम गाळणाऱ्याचे जावे, हा न्याय बाबांच्या दारी तरी शोभत नाही. घरी मुलांस ही छबी दाखविताना तालीम हे नावही कानी घालावे, एवढीच आमची विनंती आहे.

दिवसभर ती मूर्ती महावस्त्रांत व हारांत झाकलेली असते. दर्शनास दिसतो तो मुख्यतः चेहरा. मात्र पहाटे काकड आरतीनंतर मंगलस्नान होते, वस्त्रे उतरतात, आणि ओल्या संगमरवरावर कफनीच्या त्या चुण्या दिसू लागतात, ज्या तालीमांनी पुढे झाकल्या जाणार हे माहीत असूनही तितक्याच निगुतीने कोरल्या होत्या.