वेंगुर्ल्याला बोट किती वेळ थांबायची?

"आमचो संसार पावसाळ्यातलो," असं माझी नानी सांगायची. नव्याने ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटे. पण मुंबई-गोवा बोटींवर ज्या घरांतले पुरुष कामाला होते, त्या घरांत हा साधा हिशेब होता. पाऊस लागण्याआधी बोटी बंद होत आणि समुद्र शांत झाल्यावर पुन्हा सुरू होत. मधले तीन महिने नवरा घरी, बाकीचे नऊ महिने मनिऑर्डर आणि खत. मरहूम नाना तीस वर्षं अशा बोटींवर खलाशी होते. मालवण, देवगड, विजयदुर्ग, जैतापूर, रत्नागिरी ही बंदरं त्यांना अंगणासारखी माहीत. नानीने मात्र वेंगुर्ल्यापलीकडे फक्त सावंतवाडी पाहिलेली.

खरं तर वेंगुर्ला हे काही कोपऱ्यातलं गाव नव्हे. सतराव्या शतकात डच व्यापारी इथे वखार घालून बसले होते आणि गोव्याच्या पोर्तुगिजांची कोंडी करताना त्यांना हे बंदर कामी आलं. त्या वखारीच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. पुढे 1812 मध्ये हे बंदर इंग्रजांकडे गेलं. 1888 च्या सुमारास मुरगावची रेल्वे झाली, तोपर्यंत बेळगावचा कितीतरी माल घाट उतरून इथूनच जहाजावर चढत असे. मग माल गेला आणि माणसांची ये-जा उरली.

1978 साली नाना-नानींचा हजचा इरादा पक्का झाला. हजची जहाजं तेव्हा मुंबईहून सुटत. वेंगुर्ल्याहून मुंबईला एस. टी.नेही जाता आलं असतं, पण नाना ऐकेनात. हजला जायचं ते बोटीनेच. योगायोग असा की कोकणची बोट आणि हजचं जहाज तेव्हा एकाच कंपनीच्या हाती होतं. 1973 मध्ये संसदेने कायदा करून कोकणच्या प्रवासी बोटी सरकारकडे घेतल्या होत्या आणि 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' या बोटी मोगल लाइन चालवू लागली होती. हाजींना जेद्द्याला नेणारी मोगल लाइन तीच. नाना गमतीने म्हणत, हजचं जहाज आपल्या दारातूनच सुटतं.

घरातल्या म्हाताऱ्या बायकांना मात्र धास्ती. 17 जुलै 1947 रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसं गेली होती, ती आठवण कोकणातल्या कुठल्याही घरात पुसली गेलेली नव्हती. नानीला निरोप देताना जास्त रडणं हजचं होतं की बोटीचं, कोण जाणे!

वेंगुर्ल्याला बोट धक्क्याला लागत नसे. ती दूर खोल पाण्यात उभी राही आणि माणसं, सामान, कोंबड्या, आंब्याच्या दिवसांत आंब्याच्या पेट्या, सगळं पडावातून तिच्यापर्यंत जाई. नानी पडावात बसली तेव्हा तिच्या हातात सुक्या सुंगटांच्या चटणीचं आणि भाकऱ्यांचं गाठोडं होतं. बोट लागू नये म्हणून तोंडात आमसूल. पडाव वर उचलला जाई, खाली आदळे. बोटीच्या बाजूला पोहोचल्यावर शिडी धरायची ती लाट वर येते त्या क्षणी. नानाने हात दिला. पेटी वर आली. नानी नीट बसते न बसते तोच भोंगा झाला आणि नांगर उचलल्याची साखळी खडखडली.

नानीने विचारलं, "एवढोच येळ थांबता?"

"एवढोच," नाना म्हणाले.

हा प्रश्न सव्वीस वर्षं जुना होता.

1952 मध्ये त्यांची पहिली मुलगी सव्वा वर्षाची होऊन तापाने गेली. त्याच दिवशी दुपारी नानांची बोट गोव्याकडून येऊन वेंगुर्ल्यासमोर उभी होती. नानीचा दीर बंदरावर धावला, तर शेवटचा पडाव परतलेला. बोट डोळ्यांसमोरून मालवणकडे निघून गेली. असरनंतर पोरीला दफन केलं. नानांना खबर मिळाली ती मुंबईला, पत्राने. ते पावसाच्या सुरुवातीला घरी आले. तोवर गावात बोलून झालं होतं की बोट समोर उभी असताना बाप खाली उतरला नाही. नानीने काही विचारलं नाही, नानांनी काही सांगितलं नाही. पुढे तीन मुलं झाली, त्यांत माझी आई.

बोट सुरू झाल्यावर बराच वेळ दोघं गप्प होती. निवतीसमोरचे खडक आणि त्यांवरचं दीपगृह मागे पडलं, तेव्हा नाना आपण होऊन बोलले. "त्या दिवशी मी वरच होतंय. घराकडे माणसां जमलेली दिसली. माका वाटला, कोणाचा तरी लगीन ठरता हा."

नानीने हे मला सांगितलं तेव्हा ती पंच्याऐंशीच्या आसपास होती. मी विचारलं, मग तू काय म्हणालीस? ती म्हणाली, काही नाही, भाकरी सोडली.

त्यानंतरचा प्रवास तिला बारीकसारीक आठवायचा. मालवणला मावळतीच्या उजेडात सिंधुदुर्ग किल्ला काळा दिसत होता. विजयदुर्गला अंधारात पडावांचे कंदील तेवढे हलत होते. नाना प्रत्येक बंदराची ओळख करून देत होते, पाहुण्याला घर दाखवावं तसं. रत्नागिरीला त्यांनी थिबा राजाची गोष्ट सांगितली. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी राणीसह इथे आणून ठेवलं, आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. नानी म्हणाली, बरोबर होती ना पण दोघं.

दाभोळ केव्हा गेलं ते कळलंही नसतं. नानांनी तिला उठवून काळोखाकडे बोट दाखवलं. तिथे खाडीच्या काठी विजापूरच्या आदिलशाहीतली जुनी मशीद आहे. सांगतात की विजापूरची शहजादी हजला निघून दाभोळपर्यंत आली, पुढचा समुद्र धोक्याचा म्हणून तिला जाता आलं नाही, आणि बरोबरच्या पैशांतून तिने ती मशीद बांधवली. नानीने त्या काळोखाकडे बघून तिच्यासाठी दुआ केली.

सकाळी भाऊचा धक्का. मग साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम आणि पुढे जेद्दा. त्या मोठ्या जहाजाबद्दल नानी फारसं बोलायची नाही. तिच्या लेखी प्रवास झाला तो वेंगुर्ला ते मुंबई.

ऐंशीच्या दशकात कोकणची बोट बंद पडली. रस्ता सुधारला, रातराणी गाड्या वाढल्या, पुढे रेल्वे आली. 1995 नंतर मुंबईहून हजची जहाजंही थांबली. नाना त्याआधीच गेले.

2018 च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा 'आंग्रिया' क्रूझ सुरू झाली, तेव्हा आमच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली म्हणून यांनी डिसेंबरची तिकिटं काढली. दुपारी निघून सकाळी गोवा, मधल्या बंदरांना थांबा नाही. मी नानीला फोनवर सांगितलं. तिने विचारलं, "वेंगुर्ल्यासून जातली?"

"पहाटे जाईल, समोरून."

"मगे मी खळ्यातलो दिवो लावन ठेवतंय."

पहाटे आम्ही दोघं शाली गुंडाळून डेकवर उभे होतो. दीपगृहाची उघडझाप दिसली. किनाऱ्यावर दिव्यांची एक फिकट ओळ होती, त्यातला कुठला आपला हे कळणं शक्य नव्हतं. गोव्याला उतरल्यावर नानीला फोन केला आणि सांगितलं, नानी, इतक्या लांबून नाही ओळखता आला.

"खरा," ती म्हणाली. "त्यांकाय खय लांबसून नीट दिसला होता?"