पोपट सोडले, म्हणजे नेमके काय केले?

प्रति,
मा. वनाधिकारी साहेब,

पोपट जप्त झाले, पेपरात फोटो झळकला, आपले अभिनंदन. पिंजऱ्याचे दार उघडणारा हात फोटोत स्वच्छ दिसतो. पोपट उडाले की झुडपात आपटले, ते मात्र दिसत नाही. पक्षीमित्रांचे अर्ज आपल्या कार्यालयातच धूळ खात आहेत, तेव्हा जुना पाढा नको.

कायदा आपल्याला पाठ आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर देशी पोपट दुसऱ्या अनुसूचीत. बाळगणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम ३९ प्रमाणे जप्त पोपट ही सरकारी मालमत्ता. चारही चाके काढलेली सरकारी जीप रस्त्यावर सोडून कुणी 'रवाना केली' असे लिहिले असते, तर चौकशी लागली असती.

पोपटाच्या प्रत्येक पंखाच्या टोकाला १० मोठी उड्डाणपिसे असतात. विक्रेता ती कात्रीने छाटतो. उपटलेले पीस काही आठवड्यांत पुन्हा येते, छाटलेले येत नाही. ते गळून नवे फुटायला साधारण वर्षभराचा पीसबदल लागतो. पंचनाम्यात हा फरक कुणी नोंदवतो का? डाळ, पोळी आणि सूर्यफुलाच्या बियांवर जगलेल्या पक्ष्याला 'अ' जीवनसत्त्व कमी पडते, पापण्या सुजतात, श्वास लागतो. सिटाकोसिस हा पोपटांचा संसर्ग तर माणसालाही होतो, म्हणून ३० ते ४५ दिवस वेगळे ठेवायचे, मग लांबट पिंजऱ्यात उडण्याचा सराव. आपल्याकडे हे सगळे एका दुपारी उरकते! मांजरांची सोय मात्र उत्तम होते.

ढोलीतून पिल्लू असताना काढलेला, 'मिठू-मिठू' म्हणत माणसाच्या खांद्यावर येणारा पोपट तर सोडायचाच नसतो. तो २० वर्षेही जगेल. त्याला कायमचा आसरा लागतो.

२०१९मध्ये दिल्ली विमानतळावर बुटांच्या खोक्यांत सापडलेले १३ पोपट न्यायालयात हजर झाले आणि आदेशाने ओखला पक्षी अभयारण्यात गेले. कुठे गेले, ते निदान कागदावर आहे. नागपुरात सेमिनरी हिल्सला २०१५पासून वन खात्याचे वन्यजीवांवर उपचार करणारे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर चालते, म्हणजे खात्याला जमत नाही असेही नाही.

जप्त किती, त्यातले उडू शकणारे किती आणि सोडल्यानंतर आठव्या दिवशी जिवंत किती, हे तीन आकडे लेखी द्यावेत, तपासणाऱ्या पशुवैद्यकाच्या सहीसह.

आपले,
जिल्ह्यातील पक्षीमित्र