अद्ययावत करावे, पण कोणाच्या भरवशावर?

जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत दाखल झालेल्या पन्हाळ्यावर अंधारबाव ही तिमजली विहीर आहे. वेढा घालणारे सैन्य पाण्यात विष कालवील, या धास्तीने गडाचा पाणवठा असा बांधकामाआड दडवलेला. लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरचीही स्थिती याहून फारशी निराळी नाही. ही यंत्रे आपली बहुतेक सॉफ्टवेअर पॅकेजेस एकाच भांडारातून घेतात. व्यवस्थापकाने ‘अपग्रेड’चा आदेश दिला, की नव्या आवृत्त्या एकदम उतरतात. त्या भांडाराच्या डिजिटल स्वाक्षरीशी ताडून पाहिल्या जात असल्याने वाटेत झालेला फेरफार पकडला जातो. परंतु राखणदारच फितूर निघाला तर?

हा प्रश्न काल्पनिक नाही. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. मुळाशी जाता ‘एक्सझेड’ या साध्या पॅकेजच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट आढळली. दोनेक वर्षे इमानाने काम करून विश्वास मिळवलेल्या सहव्यवस्थापकाच्या नावानेच ती घुसवण्यात आली होती. येथे स्वाक्षरी तपासून काहीच हाती लागले नसते! दूषित आवृत्त्या डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत पोहोचल्या; स्थिर शाखा मात्र बचावली, कारण ती नव्याच्या मागे धावत नाही.

म्हणून अपग्रेडच टाळावे काय? ‘चालत्या यंत्राला हात लावू नये’ ही आपल्या कार्यालयांतील वृत्ती तितकीच घातक आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ने न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प केले. ते प्रकरण विंडोजचे. पण त्यात दोन्ही बाजू दिसतात. हा विषाणू युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आला आणि पसरला तो, अन्य मार्गांबरोबरच, मार्चमध्येच दुरुस्ती उपलब्ध झालेल्या छिद्रातून.

स्थिर शाखेचे मोल येथे कळते. ती पॅकेजची आवृत्ती सहसा बदलत नाही. सुरक्षेची दुरुस्ती तेवढी जुन्या आवृत्तीत बसवते. अशी दुरुस्ती मात्र त्वरित घेतली पाहिजे. अर्थात या सेवेलाही मुदत असते. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. त्यानंतरही असा सर्व्हर बिनतक्रार चालतो, आणि हीच त्यातील खरी मेख आहे. संगणकखरेदीच्या निविदेत यंत्राची किंमत असते, तशी पाच वर्षांनंतरच्या स्थलांतराचीही तरतूद असावी, असे आमचे मत आहे.

शिवाय आदेश दिला म्हणजे काम झाले, असेही नाही. कर्नलचे नवे पॅकेज बसले तरी यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत सामान्यतः जुनेच कर्नल चालू राहते. त्यासाठी सेवा काही मिनिटे बंद ठेवावी लागते, आणि ती परवानगी देणारा अधिकारी संगणक कक्षात बसत नाही.