घोणशीची सोनोग्राफी कशाला?

बीड जिल्ह्यात ‘सोनोग्राफी’ हा शब्द काढला की माणसं आधी आवाज खाली आणतात. का ते सगळ्यांना माहीत आहे. 2001च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 894 मुली होत्या. 2011 साली त्या 807 उरल्या, राज्यात सगळ्यात कमी. 2012 साली परळीत गर्भपाताच्या वेळी एका बाईचा जीव गेला आणि आमच्या जिल्ह्याचं नाव देशभरच्या बातम्यांत आलं.

अशा जिल्ह्याचा मी. आणि मी म्हणतोय, की इथल्या सापांची सोनोग्राफी झाली पाहिजे. मेलेल्या जनावरांच्या कवट्या किड्यांकडून साफ करून घेऊन कॉलेजात मांडल्या पाहिजेत. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढचं बोलणं गंभीर आहे.

सापाची सोनोग्राफी ही कल्पनेतली गोष्ट नाही. परदेशात साप पाळणाऱ्यांचे व्हिडिओ मोबाइलवर तुम्हीही पाहिले असतील. डॉक्टर सापाच्या पोटाकडच्या खवल्यांवर जेल लावतो आणि प्रोब डोक्याकडून शेपटीकडे हळूहळू सरकवत नेतो. बहुतेक वेळा भूल द्यावी लागत नाही. साप विषारी असला तर त्याचं डोकं आणि पुढचा भाग एका पारदर्शक नळीत सरकवून ठेवतात, म्हणजे तो डॉक्टरला चावू शकत नाही आणि त्यालाही गळा आवळून धरावं लागत नाही. पडद्यावर त्याचं तीन कप्प्यांचं हृदय धडधडताना दिसतं. पुढे यकृत, पित्ताशय, अंडी. अंडं अडकलंय का, कुठे गाठ आहे का, मार लागून आत पाणी साठलंय का, हे साप न फाडता कळतं.

मी साप पाळण्याच्या बाजूचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्या रानातला साप पकडून घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. बॉल पायथॉनसारखी परदेशी जात असेल तर 2024च्या नियमांप्रमाणे सरकारदरबारी नोंदणी लागते. मला ते अजगर नकोत. त्या अजगरांच्या निमित्तानं तिथल्या डॉक्टरांच्या हाताला जी सवय लागली, ती मला हवी आहे. कारण आमच्याकडे ज्या सापांना डॉक्टर लागतो ते कुणाच्या काचपेटीतले नसतात. ते जेसीबीच्या दातात सापडलेले असतात, कोरड्या विहिरीत पडलेले असतात, जाळ्यात अडकून कातडी सोललेले असतात, नाहीतर ऊस तोडताना कोयत्याखाली आलेले असतात.

आता घोणशीचं घ्या. नाग अंडी घालतो, घोणस जिवंत पिलं देते. एका वेळेला वीस, तीस, चाळीससुद्धा. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या सुरुवातीला एखाद्या वस्तीवर जाडजूड घोणस सापडते. सर्पमित्र येतो, पकडतो, बरणीत घालतो आणि लांब नेऊन सोडतो. ती नुकतीच उंदीर गिळून जाड झालीय की पोटात तीस पिलं आहेत? बाहेरून अंदाज करता येतो, खात्री देता येत नाही. आणि ती कुठे सोडायची हे त्यावरच ठरायला हवं. तुम्ही ‘लांब’ म्हणून जिथे सोडली तिथेही कुणाचा तरी गोठा असतो, कुणीतरी पहाटे अनवाणी पाणी धरायला जात असतं. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी 58,000 माणसं मेली असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यातली होती. घोणस ही त्या मरणांमागच्या मुख्य सापांपैकी एक.

हे सगळं मान्य करूनही लोक मला एक प्रश्न विचारतात, आणि तो रास्त आहे. इथे बायांना धड दवाखाना मिळत नाही आणि तू सापाच्या सोनोग्राफीचं काय घेऊन बसलास?

तर बायांचंच बोलू. आमच्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं ऊसतोडीला जातात. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायांची माहिती गोळा केली. 82,309 जणींपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यांत माझी एक काकूही धरा. तिशीही ओलांडली नव्हती. पोटात दुखतं म्हणून ती एका खासगी दवाखान्यात गेली. पडद्यावर एक काळा ठिपका दाखवून तिला सांगितलं, की हे ठेवलं तर पुढे कॅन्सर होईल. ठिपका म्हणजे काय, तो आपोआप जातो का, गोळ्यांनी बरा होतो का, हे कुणी सांगितलं नाही. उचल फिटायची होती, खाडे परवडत नव्हते. पिशवी गेली.

म्हणजे बघा, यंत्र इथे नव्हतं असं कधीच नव्हतं. यंत्र होतं, पडदा होता, बघणारे डॉक्टरही होते. एकदा त्या पडद्यावर मुलगी शोधली आणि एकदा भीती. दोन्ही वेळेला बघण्याआधीच ठरलेलं होतं, की बघून पैसा कसा करायचा. बीडनं सोनोग्राफीत जे भोगलं ते यंत्रामुळे भोगलं असं मला वाटत नाही. आपण आत डोकावलो ते फक्त फायद्यासाठी, त्यामुळे भोगलं. दुसऱ्याच्या देहात काय चाललंय हे त्या देहाच्या भल्यासाठी बघायचं असतं, ही सवयच आम्हाला लागली नाही.

घोणशीच्या पोटातली पिलं नर की मादी, यावर कुणाचाही हुंडा अवलंबून नाही. तिचं गर्भाशय काढून कुणाचं बिल होत नाही. म्हणूनच मला ती हवी आहे. एखाद्या पशुवैद्यकाच्या विद्यार्थिनीनं प्रोब हातात घेऊन केवळ ‘हिला काय झालंय’ एवढंच विचारत पडद्याकडे बघावं, हे या जिल्ह्यात एकदा तरी घडायला हवं. ज्या प्राण्याकडून काहीच मिळणार नाही त्याच्या आत नीट बघणं ज्याला जमलं, त्याच्यासमोर उद्या एखादी बाई झोपली तर तो तिला ठिपका दाखवून घाबरवायच्या आधी दोनदा विचार करेल, अशी मला आशा आहे. खात्री नाही, आशाच. पण आत्तापर्यंत आपण जे केलं त्यात तर आशाही नव्हती.

कायद्याची अडचण मला ठाऊक आहे. 1994चा गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा यंत्र कशासाठी घेतलंय एवढंच बघत नाही, यंत्राला काय जमतं हेही बघतो. गर्भाचं लिंग ओळखू शकणारं यंत्र नोंदणी नसलेल्याला विकता येत नाही. बरोबरच आहे. यंत्र गाईवर फिरतंय की बाईवर, हे यंत्राला कळत नसतं. बीडमध्ये तर ही अट तसूभरही ढिली होऊ नये. म्हणून मी गावोगाव छोटी यंत्रं वाटा म्हणत नाही. नोंदणी झालेलं, हिशेब ठेवलेलं एक यंत्र सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात असावं आणि आठवड्यातला एक दिवस जखमी वन्यप्राण्यांसाठी राखावा. शेजारी परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, उदगीरला आहे. शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे यांचं ‘सर्पराज्ञी’ हे केंद्र आहे, तिथे जखमी प्राणी-पक्षी आणून त्यांची शुश्रूषा होते. बघणारे तिथे, प्राणी इथे. मधला रस्ता तेवढा कुणी बांधलेला नाही.

आता कवट्या.

मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं. तीन वर्षांत एकही खरी कवटी हातात घेतली नाही. भिंतीवर तक्ते होते, त्यांवर धूळ होती. 2014 साली विद्यापीठ अनुदान आयोगानं कॉलेजातलं प्राण्यांचं विच्छेदन थांबवायला सांगितलं, ते मला पटतं. पण त्याच्या जागी काय आलं? मोबाइलवरचं चित्र. बोटानं फिरवता येतं, पण वजन नाही, कड नाही, बोटाला दात टोचत नाही.

यावरचा उपाय जगातल्या मोठ्या संग्रहालयांत वर्षानुवर्षं चालू आहे. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये एक बंद खोली आहे, तिथे चामडं खाणाऱ्या भुंगेऱ्यांची वसाहत पाळलेली आहे. इंग्रजीत त्यांना डर्मेस्टिड म्हणतात. मेलेल्या प्राण्याचं डोकं सोलून, मेंदू काढून, मांस चांगलं वाळवून त्यांच्या पेटीत ठेवायचं. खायचं काम मुख्यतः त्यांच्या केसाळ अळ्या करतात. त्यांना अंधार लागतो आणि पंचवीस-तीस अंशांची ऊब. ती आमच्याकडे फुकट आहे. उंदराएवढी कवटी चांगली वसाहत एक-दोन दिवसांत चाटूनपुसून देते, बकऱ्याच्या डोक्याला जास्त दिवस लागतात. मग ती फ्रीजरमध्ये ठेवून उरलेले किडे मारायचे, साबणाच्या पाण्यात चरबी काढायची आणि हायड्रोजन पेरॉक्साइडनं पांढरी करायची. कवटी उकळली तर नाजूक हाडं सुटतात, मोडतात. सापाच्या कवटीचं तर भुसकाट होतं. किडे मात्र बारीकात बारीक हाड जागेवर ठेवतात.

आणि सापाची कवटी एकदा हातात आली की कळतं, आपण सापाबद्दल किती काय काय ऐकत मोठे झालो. खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीशी हाडानं जोडलेलेच नसतात. एक बाजू पुढे, मग दुसरी बाजू पुढे, असं करत साप भक्ष्यावरून ‘चालत’ जातो. दात सगळे मागे वळलेले, धरून ठेवायला. चावून खायला एकही नाही. घोणशीचा विषदंत तर घडी घालून टाळ्याला टेकवलेला असतो. जो मुलगा हे बघेल त्याला नागपंचमीला दूध पाजणाऱ्याशी भांडावं लागणार नाही, तो बाजूला बसवून दाखवेल. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीवर मुंबई उच्च न्यायालयाला बंधनं घालावी लागली. न्यायालय हात धरू शकतं. डोळे उघडायचं काम शाळेचं आहे.

कायदा इथेही आहे. मेलेला वन्यप्राणीसुद्धा सरकारच्या मालकीचा असतो, त्यामुळे रस्त्यावर चिरडलेला साप उचलून घरी न्यायचा नाही. सुरुवात खाटकाकडच्या बकऱ्यानं करा, कोंबडीनं करा. सापासाठी कॉलेजनं वनखात्याकडे रीतसर परवानगी मागावी.

“ई! मेलेल्या जनावराला हात लावायचा?” हा पुढचा आक्षेप. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो दिसतो तेवढा साधा नाही. आमच्या जिल्ह्यात कितीतरी घरांत रेशीमकिडे पाळतात. हजारो अळ्या, त्यांची लीद, मेलेल्या अळ्यांचा वास, आणि बाया दिवसरात्र त्यांना तुतीचा पाला घालतात. कुणाला किळस येत नाही, कारण कोषाला भाव मिळतो. गंमत म्हणजे डर्मेस्टिड भुंगेरे साठवलेल्या कोषांचे शत्रू, म्हणजे ते इथे आधीपासून येऊन बसलेले आहेत. किळस अळीची नसते. किळसही फायदा बघून येते.

आणि ती जात बघूनही येते. मेलेलं जनावर कुणी ओढायचं, कुणी सोलायचं, हे आपल्या गावांनी पिढ्यानपिढ्या ठरवून ठेवलं होतं. 1927 साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं तेव्हा त्यांनी याच व्यवस्थेवर बोट ठेवलं होतं. 2016 साली गुजरातेत उनामध्ये मेलेली गाय सोलणाऱ्या तरुणांना बांधून मारलं, तेव्हा तिथल्या दलितांनी मेलेली जनावरं सरकारी कचेरीसमोर आणून टाकली. म्हणून माझी अट आहे: भुंगेऱ्यांची पेटी लॅबमधल्या शिपायाच्या गळ्यात बांधायची नाही. वर्गातल्या प्रत्येकाची पाळी लागेल, आडनाव न बघता. प्राध्यापकांचीसुद्धा. डोकं सोलताना ज्याचे हात बरबटतील त्यानंच त्या कवटीवर आपल्या नावाची चिठ्ठी लावायची. ज्ञान वरच्यांचं आणि घाण खालच्यांची, ही वाटणी मोडायला यापेक्षा स्वस्त प्रयोगशाळा मला तरी माहीत नाही.

नागाच्या फण्याला ओठ लावणाऱ्यांचे रील लाखो लोक बघतात. तुम्हीही बघता, मीही बघतो. त्यात साप दिसतो, पण त्याच्याबद्दल काही कळत नाही. दिसतो तो फक्त धरणाऱ्याचा हात. सापाला पूजणारा, ठेचणारा आणि त्याच्यावर लाइक मिळवणारा, तिघांनाही सापाच्या आत काय आहे याच्याशी देणंघेणं नाही.

मागणी फार मोठी नाही. कॉलेजात एक काचेची पेटी, तिच्यात मूठभर भुंगेरे. दवाखान्यात एक नोंदणीचं यंत्र आणि आठवड्याचा एक दिवस. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला कुठल्यातरी फडाच्या बांधावर एक घोणस सापडेल. तिच्या पोटात किती पिलं आहेत ते कुणीतरी बघावं, आकडा वहीत लिहावा, विचार करून जागा ठरवावी आणि तिला सोडून द्यावं.