करार पाळायचा कोणी?

गणवेश उतरवल्यानंतर सैनिकाच्या आजारपणाची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर देशाने उशिरा का होईना, १ एप्रिल २००३ रोजी दिले. त्या दिवशी माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, अर्थात 'ईसीएचएस', सुरू झाली. आज चारशेहून अधिक पॉलिक्लिनिक, त्यांच्याशी करारबद्ध खासगी रुग्णालये आणि पन्नास लाखांहून अधिक लाभार्थी एवढा तिचा व्याप आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी ८,३१७ कोटी रुपयांची तरतूद होती. तरीही सातारा-कोल्हापूरकडचा एखादा निवृत्त सुभेदार छातीतली कळ सोसत शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पोहोचतो, तेव्हा खिडकीवरून उत्तर येते, "सुभेदारसाहेब, ईसीएचएसचे पेशंट सध्या बंद आहेत."

हे उत्तर संतापजनक खरेच. पण त्यामागे करारभंगाची दुहेरी कहाणी आहे. रुग्णालये म्हणतात, देयके महिनोन्महिने थकतात. योजनेचे दर केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या दरांवर बेतलेले. आणि ते दर २०१४ नंतर समग्रपणे सुधारले गेले थेट ऑक्टोबर २०२५ मध्ये! या अकरा वर्षांत औषधे, उपकरणे, परिचारिकांचे वेतन कोठल्या कोठे गेले. दुसरीकडे, खासगी रुग्णालयांनी फुगवलेल्या देयकांवर महालेखापालांनी २०१५ च्या अहवालात बोट ठेवलेच होते. तेव्हा छाननी हवीच. मात्र छाननी म्हणजे विलंब नव्हे. एका तपासणीच्या कागदावर शंका आली म्हणून संपूर्ण शस्त्रक्रियेचे देयक अडकवून ठेवण्यात कोणते राष्ट्रहित साधते?

वास्तविक दुखणे व्यवस्थापनाचे आहे. रुग्णालयाशी करार करणे ही कामाची केवळ सुरुवात. कोणते रुग्णालय रुग्ण परत पाठवते, कोण अनावश्यक चाचण्या लादते, कोणाचे देयक कोणत्या टेबलावर किती दिवस पडून आहे, यावर रोजची नजर ठेवणे ही स्वतंत्र विद्या आहे. तिची धुरा बदलीवर येणाऱ्या अधिकाऱ्यांवर सोपवली की काम समजेपर्यंत बदलीचा आदेश हाती पडतो. आणि स्वतःच थकबाकीदार असलेल्या सरकारने रुग्णालयावर कारवाईचा बडगा उगारावा तरी कोणत्या तोंडाने?

७ डिसेंबरच्या ध्वजदिनी छातीवर ध्वज लावणे सोपे असते. जवान या योजनेत येतो तो अंशदान भरून. युद्धविधवेला त्यातून सूट आहे, कारण तिने भरायचे ते आधीच भरलेले असते. हा धर्मादाय दवाखाना नव्हे. वादातीत रक्कम ठरलेल्या मुदतीत आधी चुकती करावी, वाद उरलेल्या रकमेपुरता ठेवावा, रुग्ण नाकारल्याची प्रत्येक तक्रार रुग्णालयाच्या नावासह जाहीर करावी. करारनाम्याच्या पुढील नूतनीकरणात रुग्णालयाच्या दंडाच्या कलमाशेजारी सरकारी विलंबावरील व्याजाचेही कलम असावे. ते घालायला संरक्षण मंत्रालय तयार आहे काय?