हुर्यो कोणाची उडवता?

2008 साली पुण्यात एबीयू रोबोकॉन झाली, तिचा विषय होता गोविंदा! रोबोंनी लोणी पळवायचं. पण हंडीची एक रीत आपण विसरतो. थर कोसळला की खालची माणसं आधी हात पुढे करतात.

स्पर्धेत मात्र रोबो अडकला की हुर्यो! मित्रहो, तो रोबो बोईसरहून लोकलच्या गर्दीत, खोक्यात जपून नेलेला असतो. पोरं रात्रभर सोल्डरिंग करून वर्गातल्या बाकांवर आडवी झालेली. सकाळी एक वायर सैल, आणि खेळ खलास!

आपल्या पालघर-बोईसरला स्पर्धा असेल तेव्हा पाहुण्या टीमला घरी झोपायला न्या. रात्री ज्यांना जेवू घातलं, त्यांचीच टर सकाळी कशी उडवाल?